बिघडलं म्हणजे काय झालं?

सरोजक्कांसमोर ‘बिघडलं’ हा शब्द उच्चारायची सोय नव्हती. आम्ही कानडी मुलखात, जे. पी. नगरला राहायला गेलो त्याच आठवड्यात माझा मिक्सर बंद पडला. शेजारच्या फाटकाशी उभ्या असलेल्या एका उंच, पांढऱ्या केसांच्या बाईंना मी दुरुस्तीचं दुकान कुठे आहे असं विचारलं.

“मिक्सर बिघडलाय,” मी म्हटलं.

“बिघडलाय म्हणजे काय झालंय?”

“चालत नाही.”

“आवाज येतोय? वास आला? भांडं रिकामं असताना फिरतोय की तेव्हापण नाही?”

“ते काही बघितलं नाही,” मी म्हटलं.

 “मग बिघडला कशावरून गं?” असं म्हणून त्या आत निघून गेल्या. दुकानाचा पत्ता राहिलाच.

अक्का मूळच्या निपाणीच्या. घरात मराठी, रस्त्यावर कानडी. टेलिफोन खात्यात नादुरुस्त लाइनी तपासायच्या विभागात त्यांनी तीस वर्षं काढली होती. लोकांच्या तक्रारी ऐकायच्या आणि दोष घरातल्या फोनमध्ये आहे, वायरीत आहे की खांबावर, हे खुर्चीत बसून ओळखायचं, हे त्यांचं काम. निवृत्तीनंतरही रस्त्यात रिक्षा बंद पडली तर त्या रिक्षावाल्याची उलटतपासणी घ्यायच्या. “काय झालं ते सांग, काय वाटलं ते नको,” हे त्यांचं ठरलेलं वाक्य. त्यांना जाऊन आता बरीच वर्षं झाली, पण ते वाक्य आठवलं की आजही मी आधी थोडी चिडते.

आम्ही राहायला गेलो त्या थंडीत माझे बाबा तीन महिने आमच्याकडे राहून गेले. ते वाईचे गुरांचे डॉक्टर. अडलेल्या म्हशी, साप चावलेले बैल, रात्री-अपरात्री तुडवलेल्या पायवाटा असं सगळं ते सांगत गेले आणि मी आमच्या नव्या कॉम्प्युटरवर मराठीत उतरवत गेले. सव्वाशेच्या वर पानं झाली. एकदम शेवटी छापू, असं आमचं ठरलं होतं. फ्लॉपीवर उतरवून ठेवायचं रोज उद्यावर गेलं. बाबा वाईला परतले आणि महिन्याभरात त्यांना अर्धांगवायूचा झटका आला. उजवी बाजू गेली, वाचा गेली.

भावाचा फोन आला. “नीला, ते डाव्या हातानं सारखं लिहिल्यासारखं करतात. ते लिखाणच मागताहेत. लगेच पाठव.”

मी कॉम्प्युटर लावला. काळ्या पडद्यावर पांढरी अक्षरं भराभर वर सरकली, सुरुवातीचं रंगीत चित्र आलं आणि पुढे काही व्हायच्या आत पडदा काळा होऊन सगळं पुन्हा पहिल्यापासून सुरू झालं. पुन्हा अक्षरं, पुन्हा चित्र, पुन्हा काळोख. मी बटण बंद केलं, चालू केलं. बंद केलं, चालू केलं. तासभर मी दुसरं काही केलं नाही. शेवटी त्याच्या डब्यावर दोन थपडाही मारल्या.

नवरा, सुहास, कंपनीच्या कामासाठी अमेरिकेत. तो फोनवर म्हणाला, “सगळं परत टाकायला लागेल बहुतेक.” पलीकडच्या गल्लीत दुरुस्तीचं दुकान असलेल्या मंजुनाथनं येऊन पाहिलं आणि हिंदीत निकाल दिला, “फॉरमॅट करना पड़ेगा, मॅडम.” आतलं लिखाण? “वो तो जाएगा.” शनिवारी तो ते करायला येणार होता. त्या दिवशी मंगळवार होता.

अक्का वाटीभर लोणचं द्यायला आल्या आणि माझ्या तोंडून नको तो शब्द गेला. “अक्का, कॉम्प्युटर बिघडलाय!” आणि मला रडूच फुटलं.

“रड. मग सांग,” त्या म्हणाल्या आणि खुर्ची ओढून बसल्या. सगळं ऐकून घेतल्यावर एवढंच म्हणाल्या, “उद्या अकराला मी येतो.” निपाणीकडच्या बायका असंच बोलतात.

अक्कांनी आयुष्यात कॉम्प्युटरला हात लावला नव्हता. बुधवारी त्या वही, पेन्सिल आणि मनगटावरचं घड्याळ घेऊन आल्या. दीड तास आम्ही फक्त बघत बसलो. मी यंत्र सुरू करायचं, ते कोसळायचं, अक्का वेळ लिहायच्या. दर वेळी मधे किती थांबायचं तेही त्याच सांगणार.

“आतलं काहीतरी काढून बघू या ना!”

“स्वल्प थांब. पहिल्यांदा ते काय करतंय ते बघू की.”

साडेबारा वाजले की त्या जेवायला जाणार म्हणजे जाणार. गुरुवारी प्रिंटरची वायर काढली, बस्स, तेवढंच. पुन्हा तीच मोजामोजी. तिकडे बाबा हात हलवताहेत आणि इकडे ही बाई पेन्सिलीला टोक काढतेय! त्या गेल्यावर माझा धीर सुटला. स्क्रू काढून मी डबा उघडला, हाताला लागली ती दोन कार्डं उपसली, फुंकर मारून परत खोचली. बटण दाबलं तर चित्रही गेलं. नुसती लांब शिट्टी.

शुक्रवारी ती शिट्टी ऐकून अक्कांनी माझ्याकडे पाहिलं. “काल चित्र येत होतं. मधे काय केलंस?”

“काही नाही.”

त्यांनी वही मिटली. “सरी,” ठीक, एवढंच कानडीत म्हणाल्या आणि निघून गेल्या.

संध्याकाळपर्यंत मी कसाबसा दम धरला. मग त्यांच्या दारात जाऊन उभी राहिले. “अक्का, मी खोटं बोलले. मला वाटलं…”

“वाटलं ते नको.” वही माझ्यासमोर आली. “काय काढलंस, कुठं बसवलंस, लिही.” मी लिहिलं. ते वाचून त्या म्हणाल्या, “लाइन पडली तर शोधून काढता येती. माणूस लपवायला लागला की कुठं शोधायचं गं?”

शनिवारी मंजुनाथ आला तेव्हा अक्का वही घेऊन हजर होत्या. मी अर्धवट खोचलेलं कार्ड त्यानं नीट दाबून बसवलं. चित्र परत आलं, पुन्हा कोसळलं. त्यानं फॉरमॅटसाठी फ्लॉपी काढली, तशी अक्कांनी सरळ तिच्यावर हात ठेवला. “अण्णा, स्वल्प केळी,” म्हणजे जरा ऐका, असं म्हणून त्यांनी कानडीत वही वाचायला घेतली. अकराला, यंत्र थंड असताना, चित्रानंतरही थोडा वेळ टिकतं. दुसऱ्यांदा कमी. चौथ्यांदा चित्र जेमतेम दिसतं. अर्धा तास थांबलं की परत टिकतं. दोन्ही दिवस हेच.

मंजुनाथ आधी खिडकीबाहेर बघत होता. मग त्यानं वही मागून घेतली. “तापल्यावर पडतंय,” तो स्वतःशीच म्हणाला. मेमरीच्या दोन पट्ट्या होत्या. तो दोन्ही एकदम काढून नव्या घालायला निघाला.

“ओंदोंदे,” अक्का म्हणाल्या. एकेक.

पहिली पट्टी काढली. तेच. ती परत बसवून दुसरी काढली. चित्र आलं, गेलं आणि पडद्यावर रोजची ओळखीची चिन्हं उमटली. आम्ही तिघं पाहत राहिलो. अर्ध्या तासानंतरही ती तिथेच होती.

बाबांचं लिखाण उघडलं. शेवटची बारा पानं मात्र नुसते चौकोन आणि खुणा. अक्कांनी माझी समजूत वगैरे घातली नाही. “एवढं बंद-चालू केलंस, त्यात गेलं असणार,” म्हणाल्या. थोड्या वेळानं विचारलं, “बाबांना ऐकू येतंय की? समजतंय?”

“हो.”

“मग त्यांनाच विचार. हो का नाही, एवढंच. एका वेळी एक.”

मी छापलेली पानं घेऊन वाईला गेले. बाबांचा डावा हात हातात घेऊन वाचून दाखवलं. मग हरवलेल्या पानांचे प्रश्न. म्हैस होती? हात दाबला. पसरणी गावची? नाही. तुम्ही चालत गेलात? दाबला. कधीकधी एका वाक्याला अख्खी सकाळ लागायची, मी वैतागायची, अंगणात जाऊन यायची, पुन्हा बसायची. पावसाळ्यापर्यंत बारांपैकी सात पानं उभी राहिली. शेवटच्या पानाला बाबांनी माझा हात दाबला तो बराच वेळ सोडला नाही.

दिवाळीआधी ते गेले. भावानं आणि मी छोटंसं पुस्तक छापून घेतलं. पहिली प्रत मी अक्कांना नेऊन दिली. त्यांनी आभाराचं पान उघडलं, चष्मा लावून दोनदा वाचलं.

“माझं नाव घातलंस होय? बरं. मंजुनाथचं कुठाय?”

“अक्का, तो तर सगळं पुसायलाच निघाला होता!”

“होता. पण ऐकलं की त्यानं. पट्टी कुणी काढली? मी?”

मला रागच आला. एवढ्या हौसेनं पुस्तक आणलं, आणि या बाईंना त्यातही चूकच सापडावी! मी तशीच घरी गेले आणि प्रतींचा गठ्ठा उचलून त्यांच्या टेबलावर आणून आपटला. अक्कांनी दोन पेनं काढली. दुपारभर समोरासमोर बसून आम्ही एकेक प्रत उघडून शाईनं त्याचं नाव घातलं.