तिच्या आईच्या खुर्चीत

बाये, इकडे ये. अशी फोन लांब धरून, चष्मा न लावता वाचू नकोस. दोन ओळी बघायच्या, खाली एक लाल बदाम टाकायचा आणि आईचं वाचलं म्हणायचं, हे सगळं मला ठाऊक आहे. खुर्ची ओढ, पाय वर घे आणि नीट वाच. तुला पाचवा लागला हे मला तुझ्या भावाकडून कळावं? मी आमटीला फोडणी देत होते, तर मागून येऊन सांगतो, "आई, तू आजी होणार." मोहरी जळली माझी. तुला फोन केला तर म्हणालीस, "सांगणारच होते गं." आणि येतेस का म्हटलं तर, "बघू." तुझा भाऊ कामावर मालकाला इन्शाल्ला म्हणतो ना, आणि काम व्हायचं नाही हे दोघांनाही ठाऊक असतं, तसलं तुझं ते बघू.

असो. तुला त्या चिनी मुलीच्या लग्नाचं सांगायचंय. तेव्हा फोनवर मी "छान झालं, वाफवलेला मासा होता" एवढंच म्हटलं होतं. खरं ते सांगितलं नव्हतं.

ती आमच्या वरच्या मजल्यावर राहायची, बंदरातल्या एका कंपनीत नोकरीला. आमची ओळख झाली गच्चीवर. इथलं, ओमानातल्या सोहारचं ऊन तुला माहीत नाही, तू आलीस कुठे! सकाळी घातलेल्या साबुदाण्याच्या पापड्या दुपारी खडखडीत. एक दिवस बघते तर माझ्या प्लास्टिकशेजारी हिने मुळ्याच्या चकत्या वाळत घातलेल्या, आणि काठी घेऊन माझ्याही पापड्यांवरची कबुतरं हाकलतेय. मग काय, जमलं आमचं. मला इंग्रजी येतं ते कम, सिट, ईट एवढंच. तिलाही फार नव्हतं. पण माझी घावनं खाऊन खाऊन ती जाळी कशी पडते ते शिकली, तुझ्यापेक्षा लवकर शिकली, राग मानू नकोस.

तिला आई नव्हती. शाळेत असतानाच गेली. वडील गावी अंथरुणाला खिळलेले. लग्न ठरलं तिच्याच कंपनीतल्या मुलाशी, आणि रजा मिळेना म्हणून इथेच करायचं ठरलं. मुलाचे आईवडील चीनहून येणार होते. तिच्या बाजूने कोणीच नाही. तर एक दिवस ती दोघं घरी आली आणि तुझ्या भावाशी कितीतरी वेळ बोलली. मग तो मला म्हणाला, "आई, त्यांच्यात लग्नात नवरा-नवरी वडीलधाऱ्यांसमोर गुडघे टेकून चहा देतात. तिच्या आईच्या खुर्चीत तू बसशील का, विचारतेय."

मी लगेच हो म्हटलं. म्हटलं, चहाच तर प्यायचाय.

लग्नाच्या दिवशी सकाळी ती एक लाल कापडी फूल देऊन गेली. आईने लावायचं असतं म्हणे. मी ते लावलं नाही, पर्समध्ये ठेवलं. तुझा भाऊ खालून हाका मारतोय, "आई, यल्ला, उशीर होतोय," आणि मी आरशासमोर ते फूल पदराशी धरतेय आणि काढतेय. शेवटी राखी रंगाची साडी नेसून तशीच गेले.

कंपनीच्या जेवणाच्या हॉलात लग्न होतं. भिंतीवर लाल कागद, टेबलांवर लाल कापड, तीही नखशिखांत लाल. कशी दिसत होती सांगू! समोर खुर्च्या मांडलेल्या. आधी मुलाच्या आईवडिलांना चहा दिला. दोघांनी घोट घेतला, लाल पाकीट हातात ठेवलं, टाळ्या झाल्या. मग ती माझ्यापुढे आली. उशीवर गुडघे टेकले, दोन्ही हातांत एवढीशी कपबशी, चहात वाळलेलं लाल बोर तरंगतंय. मान वाकवून म्हणाली, "मा."

आणि बाये, माझे हात उठेनात. चहा वगैरे सगळं विसरले मी. एवढंच दिसलं की नवी नवरी पुढ्यात आहे, आणि मी, नवरा गेलेली बाई, तिच्या मंगल कार्यात पुढे बसलेय. मागे तुझ्या भावाच्या मित्राची बायको उभी होती, पुण्याची, गळ्यात मंगळसूत्र. मी उठले आणि तिचा हात धरून तिला पुढे ओढलं. "तुम्ही घ्या. तुम्ही सवाष्ण आहात."

"काकू, अहो काय करताय? तुमच्यासाठी आहे तो!"

"घ्या हो. माझ्या हातून नको. पोरीचं चांगलं होऊ दे."

तुझा भाऊ कानाशी येऊन म्हणाला, "आई, घे! चहा न घेणं म्हणजे त्यांच्यात मुलीला नाकारणं असतं." तिच्या हातातली बशी वाजत होती, तो आवाज मला अजून ऐकू येतो. मुलाच्या आईने मान खाली घातली. पुण्याच्या त्या बाईनेच कशीबशी खुर्चीत बसून चहा प्यायला. टाळ्या झाल्या, पण थोड्याच. नवरी उठली, हसली आणि पुढच्या पाहुण्यांकडे गेली.

दुसऱ्या दिवशी पुरणपोळ्या घेऊन मी वर गेले. तुझ्या भावाला बरोबर नेलं, समजावून सांग म्हटलं. तो सांगत होता, ती ऐकत होती. मग तिने काहीतरी विचारलं. त्याने माझ्याकडे न बघता सांगितलं, "ती विचारतेय, तुमचा नवरा वारला, त्यात तुमचं काय चुकलं?"

मी पुरणपोळ्यांचा डबा तिच्यापुढे सरकवला. तिने आमच्यापुढे कोकचे ग्लास ठेवले. चहा नाही. निघताना म्हणाली, "थँक्यू, आंटी." दोन महिन्यांनी कंपनीने त्यांना दुसऱ्या देशात पाठवलं. जातानाही आंटीच म्हणाली. मा तिने मला एकदाच म्हटलं.

आता तुझं. तुझं कन्यादान काका-काकूंनी केलं. तू निघताना मला शोधत होतीस, मी कोठीच्या खोलीत नारळ मोजत बसले होते. नंतर विचारलंस, "आई, कुठे होतीस गं?" मी म्हटलं, काम होतं. काम कसलं! तुला वाटलं असेल, लोकांनी मला मागे ठेवलं. कोणी नाही गं. काकू दोनदा बोलवायला आली, म्हणाली, "तूच भर ओटी, आता कोण बघतंय?" मीच दार लोटून घेतलं. तुझ्याही हातातली बशी अशीच वाजली असेल, मी बघितली नाही एवढंच.

म्हणून म्हणते, तुझ्या डॉक्टरीणबाईंना विचार आणि सातवा लागायच्या आत ये. तिकीट तुझा भाऊ काढतो म्हणतोय. हिरवी साडी आणून ठेवलीय. खण मिळाला नाही इथे, तो तू घेऊन ये. नारळ मिळतात. या वेळी ओटी मी भरणार, काकू नाही नि कोणी नाही. माझा हात थरथरला तर तू खालून धर. लवकर ये गं.