झाडूवाल्यांचा पर्चा

नोकरी सोडून इतकी वर्षं झाली, तरी बनारसच्या त्या संपाची केस आठवली की हातातला घास हातातच राहतो.

इंग्रजांचं राज्य होतं. मी ब्रह्मा घाटाजवळच्या मराठी वस्तीतला, आणि शहरातल्या एका ठाण्यात दरोगा, म्हणजे फौजदार. त्या उन्हाळ्यात सफाईच्या ठेकेदाराविरुद्ध झाडूवाल्या बायकांनी काम बंद केलं. गल्ल्यांत कचरा कुजू लागला. पुरती मजुरी आणि बाळंतपणाची सुट्टी एवढंच मागणं असतं, तर साहेबांनी फारसं मनावर घेतलं नसतं. पण रोज सकाळी भिंतींवर हाताने लिहून नकला काढायच्या यंत्रावर छापलेला हिंदी पर्चा, म्हणजे पत्रक, लागे. त्यात विचारलेलं असे, "जो झाडू लगाकर शहर को ज़िंदा रखे, उसे वोट का अधिकार क्यों नहीं?" मताची भाषा निघाली आणि वरून हुकूम आला: लिहिणारा आणि यंत्र, दोन्ही हजर करा.

संपाची पुढारी एक तरुण बाई होती. तिला आम्ही आधीच अटक केली होती. तान्हं मूल घरी, सासूजवळ. दोन दिवस दमदाटी केली. ती भिंतीकडे तोंड करून बसे. चोळी दुधाने भिजलेली, पण कुणाचं नाव सांगितलं नाही.

खबऱ्याने एवढंच कळवलं की पर्च्याचा हाताने लिहिलेला कागद झाडूवाल्यांच्या वस्तीत फुलांच्या परडीतून येतो. आम्ही कॉलेजातल्या पोरांच्या खोल्यांची झडती घेत राहिलो. मग एका सकाळी माझी मुलगी ओसरीवर पाटी गिरवत होती. तिचा 'झ' पाहून मी थबकलो. बनारसचे लोक 'झ' आणि 'अ' आपल्यापेक्षा वेगळ्या वळणाने काढतात. पर्च्यातला 'झाडू' आणि 'अधिकार' मराठी वळणाचे होते. मुलीला अक्षरं शिकवत होती आमच्याच गल्लीतली एक विधवा बाई. सगळे तिला मावशी म्हणत.

मी साध्या कपड्यांत तिच्या घरी गेलो.

"ये, बैस. आज मुलगी नाही आली?"

मी पर्चा पुढे ठेवला. तिने चष्मा लावला.

"माझाच आहे. काही गलत लिहिलंय का त्यात?"

"यंत्र कुठे आहे, मावशी?"

"ते नाही सांगायची. मला ने ठाण्यात."

तासभर विचारलं. तुरुंगाची भीती घातली. ती शांतपणे परडीतली फुलं निवडत होती. शेवटी मी त्या कोठडीतल्या बाईची चोळी कशी भिजते ते सांगितलं. मावशीचे हात थांबले.

"यंत्र मिळालं, तर ती आज संध्याकाळी घरी जाईल," मी म्हणालो.

"पक्कं?"

"पक्कं."

"मुलीची शपथ घे."

मी घेतली. साहेबांना मी काहीही विचारलं नव्हतं.

यंत्र झाडूवाल्यांच्या वस्तीतल्या एका कोठरीत, भुशाच्या पोत्याखाली मिळालं. दोन पंचांसमोर पंचनामा झाला. आणखी पाच बायका धरल्या. पुढारी बाईला सोडण्याची गोष्ट काढली तेव्हा साहेब हसले. तिला सक्तमजुरीची शिक्षा झाली. मावशीला मात्र ताकीद देऊन सोडलं, कारण ब्राह्मण विधवेला कोर्टात उभं केलं तर मोहल्ला बिथरेल, असं त्यांचं मत पडलं. संप चार दिवसांत मोडला. त्याच मजुरीवर बायका पुन्हा झाडू मारू लागल्या.

एकटी मावशी मोकळी फिरताना दिसली. वस्तीने काय समजायचं ते समजून घेतलं.

ती रोज लोटाभर दूध घेऊन त्या मुलासाठी जाई. सासू तिच्या देखत ते नालीत ओतून दार लावून घेई. पावसाळा संपायच्या आत मूल गेलं.

त्यानंतर एकदाच ती मला घाटाच्या पायऱ्यांवर भेटली.

"तू साहेबांना विचारलं तरी होतंस का रे?"

मी म्हणालो, "विचारलं होतं."

तिने मान हलवली. तिला ते खरं वाटलं असावं. तिने शिकवणं बंद केलं आणि घराबाहेर पडणंही.

या केसने मला एक गोष्ट शिकवली. स्वतःच्या भीतीने माणूस तोंड मिटतो, दुसऱ्याच्या दुःखापायी उघडतो. माणूस जितका भला, तितका लवकर. मला त्या वर्षी बढती मिळाली. पुढे संपवाल्यांच्या आणि सभावाल्यांच्या कितीतरी केसेस मी याच रीतीने उघडकीला आणल्या. एकदाही फसलो नाही.