पांदणीच्या मापाची काडी

विलास गेला त्याच्या दोन दिवस आधी माझ्या दुकानात आला होता, आणि मी त्याच्यावर खेकसलो होतो. हे आधीच सांगून टाकतो, कारण गेलेल्या माणसाबद्दल गोडगोड लिहून स्वतःचं तेवढं झाकून ठेवायचं, असं मला करायचं नाही. कारंजा घाडगेला हायवेला लागून माझं रंगाचं आणि हार्डवेअरचं दुकान आहे. श्रावणातली दुपार होती. एक गिऱ्हाईक भिंतीच्या रंगाच्या साऱ्या छटा काढायला लावून काही न घेता गेलं होतं, आणि तेवढ्यात विलास मोबाइल पुढे धरूनच आत शिरला. "गोपाल, हे पाह्य. एकच मालक, पेट्रोल, अन् वजनाले हलकी." तीन वर्षांत त्यानं दाखवलेली ही कितवी जुनी गाडी होती, देव जाणे. फोटोकडे न बघताच मी म्हणालो, "विलास, तुले गाडी घ्याचीच नाई. तुले नुसत्या गाड्या पाहाच्या आहेत." तो हसला. "काऊन चिडून राह्यला बे?" म्हणाला, मोबाइल खिशात टाकला, चहा प्यायला आणि गेला. तिसऱ्या दिवशी सकाळी त्याच्या शेजारच्या बगीचेवाल्याचा फोन आला... विलास पाठीवर पंप घेऊन संत्र्यांवर फवारणी करत होता, छातीत कळ आली म्हणून बांधावर बसला, तो पुन्हा उठलाच नाही. बावन्न वर्षांचा होता. पाचवीपासून आम्ही एका बाकावर, आणि आमचं शेवटचं बोलणं हे असं.

त्याला गाडी कशासाठी हवी होती हे लोकांना समजावता समजावता माझा जीव मेटाकुटीला यायचा. काही वर्षांपूर्वी तो संत्र्याच्या ट्रकबरोबर दक्षिणेत गेला होता. तिथल्या व्यापाऱ्याच्या पुतण्यानं त्याला रेसचा ट्रॅक दाखवायला नेलं. विलासला वाटलं, टीव्हीवर असतात तशा चपट्या, एका माणसाच्या गाड्या असतील. पण त्या दिवशी तिथे शर्यत नव्हतीच. फी भरून कोणीही आपली रोजची गाडी आणायची आणि दिवसभर ट्रॅकवर फिरवायची, ना नंबर ना बक्षीस. लोक पोरांना शाळेत सोडायच्या गाड्या घेऊन आले होते. स्टेपनी, पायपुसणी, डॅशबोर्डवरचा गणपती, सगळं काढून बाजूला ठेवायचे, हेल्मेट चढवायचे आणि गाडी जेवढी पळेल तेवढी पळवायचे. संध्याकाळी गणपती परत जागेवर आणि गाडी घराकडे. विलास परत आला तो त्या गणपतीचंच सांगत बसला. "गोपाल, आपल्यासारखेच लोक होते बे. एकदा, फक्त एकदा मले तिथं आपली गाडी चालवाची आहे. कोणी समोरून येत नाई, बैल नाई, बकरी नाई, ट्रक नाई. मोड कसा घेतला तं बरोबर, हे तं आपल्याले कधी कळलंच नाई."

आता गाडी भाड्यानं घेऊन हौस भागवता आली असती, पण त्याला ते नको होतं. इथून स्वतःच्या चाकांवर जायचं, दिवसभर पळायचं, परत यायचं, आणि सोमवारी त्याच गाडीत सुनीतावहिनींना वर्ध्याला न्यायचं, असा त्याचा हिशेब. म्हणजे गाडी हलकी हवी आणि बुटकी हवी, म्हणजे वळणावर झुकत नाही. ब्रेक दमदार हवेत. नवीनची ऐपत नाही, तेव्हा जुनीच घ्यायची, पण सुटे भाग वर्ध्यात मिळायला हवेत. डिझेल नको, पुढून जड होते. गॅसची टाकी बसवलेली नको, मागून जड होते. हे सगळं ठरवण्याआधी पठ्ठ्यानं नागपूरहून हेल्मेट आणून ठेवलं होतं. बाजारात तुरी आणि भट भटणीला मारी! चारचाकीत हेल्मेट घालून बसणार म्हणून अख्खं गाव त्याला हसलं, आणि त्या हसण्यात माझा आवाज सगळ्यात मोठा होता.

खरी गोम होती पांदणीची. विलासचं घर गावात नाही, बगिच्यातच आहे, आणि हायवेपासून तिथवर बैलगाड्यांची जुनी पांदण जाते. ट्रॅक्टरच्या चाकांनी दोन्ही बाजूंनी चाकोऱ्या खोल गेलेल्या आणि मधे मातीचा उंचवटा. एका जागी तर तो असा वर आलेला की बुटक्या गाडीचं पोट घासलंच म्हणून समजा. ट्रॅक म्हणतो गाडी खाली पाहिजे, पांदण म्हणते वर पाहिजे. मग विलासनं काय केलं, तर बाभळीची एक काडी त्या उंचवट्याच्या बरोब्बर मापाची तोडली, साल काढून गुळगुळीत केली आणि माझ्या गाडीच्या डिकीत टाकून दिली, कारण गाड्या पाहायला आम्ही माझ्याच गाडीनं जायचो. कुठेही गेलो की आधी बोनेटवर तळहात ठेवायचा. गरम लागलं तर विकणाऱ्यानं गाडी आधीच सुरू करून ठेवली, म्हणजे थंड असताना ती कशी कुरकुरते हे लपवलं, असं त्याचं म्हणणं. मग उकिडवं बसून काडी उभी धरायची आणि पोटाखालून सरकवायची. अडली की खलास. तळेगावला एकानं आम्हाला फार आग्रहानं बोलावलं होतं. विलासनं बोनेटवर हात ठेवला आणि लगेच मागे घेतला.

"फिरवून आनली का जी?"

"नाई जी, उन्हात उभी होती."

सकाळचे सात वाजले होते, आणि गाडी कडुनिंबाखाली. "मंग आम्ही उद्या येतो," विलास शांतपणे म्हणाला, आणि आम्ही खरोखरच दुसऱ्या दिवशी पुन्हा पंचवीस किलोमीटर तुडवत गेलो! थंड गाडी सुरू केली तर मागून निळा धूर. परतीच्या वाटेवर मी वाया गेलेलं पेट्रोल मोजत होतो. विलास मात्र एखादं गणित सुटल्यासारखा खूश होता.

आणि मग गेल्या वर्षी, गणपती उठले त्या आठवड्यात, सेवाग्रामची ती गाडी आली. तिथे दवाखान्यात नोकरी करणाऱ्या एका डॉक्टर मॅडमची. राखाडी रंगाची छोटी पेट्रोल गाडी, नऊ वर्षं स्वतःच चालवलेली, सर्व्हिसिंगची प्रत्येक पावती प्लॅस्टिकच्या पिशवीत तारखेवार लावलेली. त्यांची बदली झाली होती आणि महिनाअखेर क्वार्टर सोडायचं होतं. बोनेट थंड निघालं. काडी पोटाखालून सरकली आणि वर दोन बोटं जागा उरली. विलासनं ती बोटं घालून पाहिली, मला घालायला लावली, मॅडमनासुद्धा दाखवली, आणि बाई बिचाऱ्या हसत होत्या. मग तो एकटाच एक चक्कर मारून आला. उतरला तेव्हा त्याचा चेहरा... शाळेत पहिल्यांदा कबड्डीच्या संघात नाव आलं होतं तेव्हा तसा झाला होता. "हेच आहे, गोपाल," एवढंच म्हणाला.

परतताना मी बोललो. मीच बोललो. दुसऱ्या दिवशी पितृपक्ष लागत होता. आमच्या घरी त्या पंधरवड्यात खिळासुद्धा नवा घेत नाहीत. मी म्हणालो, एवढी दोन वर्षं थांबलास, अजून थोडा थांब, दसऱ्याला घेऊ, मुहूर्तावर. तो म्हणाला, "माह्या बापानं माह्यावर कधी कशाचा राग नाई धरला बे, तो काय गाडीचा धरन?" पण मी हट्टाला पेटलो. रस्त्यावरची वस्तू आहे, अपघात-बिपघात झाला तर, वहिनींचा विचार कर, असलं सगळं ऐकवलं. शेवटी तो म्हणाला, "तू म्हनतं तं थांबू. पण मॅडमले सांगून ठेवजो." बगिच्यात रेंज येत नाही म्हणून सगळ्या विकणाऱ्यांना आम्ही माझाच नंबर देत असू.

पाचव्या दिवशी मॅडमचा फोन आला. दुसरं गिऱ्हाईक दारात उभं आहे, पण तुमच्या मित्राला गाडी फार आवडली होती, आज संध्याकाळपर्यंत येऊन बयाणा दिलात तर मी त्यांना नाही म्हणते, असं त्या म्हणाल्या. इतकं सरळ बोलणारा विकणारा आम्हाला दोन वर्षांत भेटला नव्हता. विलासचा बगीचा माझ्या दुकानापासून दहा मिनिटांवर. मी शटर ओढून त्याला उचलला असता तर दिवस मावळायच्या आत आम्ही सेवाग्रामात असतो. पण मला ठाऊक होतं, त्याला कळलं की तो थांबणार नाही. म्हणून मी त्याला कळवलंच नाही. मीच मॅडमना सांगून मोकळा झालो, "पितृपक्ष आहे हो मॅडम, दसऱ्याला घेऊ." त्या बरं म्हणाल्या. गाडी त्याच संध्याकाळी गेली. आणि विलासला मी काय सांगितलं? "गाडी विकली त्यायनं. फोन नाई, काई नाई." त्यानं थोडा वेळ माझ्या दुकानातल्या ब्रशांकडे बघितलं आणि म्हणाला, "जाऊ दे. आपल्या नशिबाची नव्हती."

त्यानंतर तो प्रत्येक नवी गाडी त्या राखाडी गाडीशी ताडून पाहू लागला आणि एकही तिच्या पासंगाला पुरेना. त्याचा प्रत्येक नवा फोटो मला टोचायचा. लोक म्हणत, गोपालशेठ अलीकडे फार चिडचिडे झालेत. चिडचिडा होणार नाही तर काय? चोराच्या मनात चांदणं. खरं सांगून टाकलं असतं तर त्यानं मला दोन शिव्या दिल्या असत्या, आठ दिवस बोलला नसता, आणि नवव्या दिवशी मोबाइल घेऊन हजर झाला असता. वर्षभरात मला तेवढा एक दिवस सापडला नाही. रोज वाटायचं, याची गाडी एकदा होऊन जाऊ दे, मग चहा पिता पिता सांगू, हसू.

तेराव्याला मी त्याच्या घरी गेलो. हायवेवरून पांदणीत वळलो आणि सवयीनं चाकोरी सोडून चाक कडेला घेतलं, पण गाडीला धक्काच बसेना. खाली उतरून पाहिलं तर पांदण सपाट. जेवणाला पाहुण्यांच्या गाड्या येणार म्हणून शेजारच्या चार-पाच जणांनी आदल्या दिवशी फावडी घेऊन मधला उंचवटा खरडून काढला होता आणि दोन ट्रॉल्या मुरूम टाकला होता. "किती वेळ लागला?" मी विचारलं. "कायचा वेळ जी? जेवनाच्या आत झालं," त्यांतला एक जण म्हणाला. जेवणाच्या आत! आम्ही दोघांनी अख्ख्या जिल्ह्यातल्या गाड्यांची पोटं मोजली. किती चांगल्या गाड्या त्या काडीपायी सोडल्या. मी हार्डवेअरवाला, माझ्या दुकानात फावडी ओळीनं टांगलेली, आणि तीन वर्षांत एकदाही माझ्या किंवा त्याच्या डोक्यात आलं नाही की गाडी बदलण्याऐवजी रस्ता खरडावा! पांदण सगळ्यांची, म्हणून कोणाचीच नाही. इतका संताप मला आयुष्यात कोणाचा आला नसेल. कोणावर काढणार? ज्याच्यावर काढायचा, त्याचा फोटो हार घालून पाटावर ठेवलेला.

हे लिहितोय तेव्हा पुन्हा पितृपक्ष सुरू आहे. या दिवसांत कोणी रंग नेत नाही, दुकान रिकामं असतं, त्यामुळे विचार करायला वेळच वेळ. काल दुपारी शटर खाली ओढलं आणि सुनीतावहिनींकडे गेलो. त्या ओसरीवर संत्र्याच्या क्रेटचे तुटलेले कान तारेनं बांधत होत्या. आत खुंटीवर हेल्मेट लटकलेलं, काचेवरची पन्नी अजून तशीच. ट्रॅकवर गेल्यावर काढीन, असं तो म्हणायचा. मी बसलो आणि सगळं सांगितलं. मॅडमचा फोन, बयाणा, दसरा, माझं खोटं. काही गाळलं नाही. मला वाटलं होतं त्या रडतील, किंवा जाऊ द्या म्हणतील. त्यांनी हातातली तार पक्कडीनं पिळून तोडली आणि क्रेट बाजूला ठेवला.

"मले काऊन सांगता, भाऊजी?" त्या म्हणाल्या. "त्यायले सांगाचं होतं."

राग नव्हता त्यांच्या बोलण्यात. राग असता तर बरं झालं असतं. मग त्यांनी चहा ठेवला आणि मी तो प्यायलो.

परतताना पांदणीत मधेच गाडी थांबवली. डिकी उघडून काडी काढली. त्याच्या हातात राहून राहून ती वरच्या टोकाला काळपट झाली आहे. तो करायचा तसाच उकिडवा बसलो आणि काडी मातीला लावून पाहिली, तर उंचवटा नेमका कुठे होता तेच मला आठवेना. मुरमावर गवतही उगवलंय. आता इथून कोणतीही गाडी जाईल, त्याच्या त्या रेसवाल्या चपट्या गाड्यासुद्धा. काडी पुसून परत डिकीत ठेवली. उठताना आधारासाठी बोनेटवर हात टेकला, तर चांगलंच गरम. त्यानं ही गाडी बघितलीही नसती, उद्या येतो म्हणाला असता.

दसऱ्याला अजून पंधरा दिवस आहेत. दसऱ्याला घेऊ, असं मीच म्हणालो होतो.