भांडण नसलेला ताडीचा अड्डा

ती घटना आठवली की आजही आधी तो गपगार अड्डा डोळ्यांपुढे येतो. सिरोंच्याकडच्या एका ठाण्याचा मी प्रभारी होतो. एकदा आमचा खबऱ्या म्हणाला, "साहेब, त्या ताडीच्या अड्ड्यावर भांडणच होत नाई. लोक पितेत अन् चुपचाप झोपतेत."

अरे वा! उभ्या नोकरीत ताडी पिऊन शहाणा झालेला माणूस मी पाहिला नव्हता. कुठंतरी पाणी मुरत होतं.

दोन पंच घेऊन छापा टाकला. मडक्यांमागे पांढऱ्या पावडरची पुडी सापडली. पंचनामा केला, नमुना तपासणीला पाठवला, अड्ड्याला कुलूप ठोकलं. ताडीवाला चेहऱ्यानं गरीब गाय. चौकशीत त्याचं एकच पालुपद, "साखर आहे साहेब." दरडावलं, समजावलं, चहाही पाजला. ढिम्म हलला नाही. तपासणीचा अहवाल यायचा होता आणि कोठडीची मुदत संपत आली होती.

तेवढ्यात एका सकाळी अड्ड्याचं रोजचं गिऱ्हाईक, धान पिकवणारा एक म्हातारा शेतकरी, ठाण्यात आला. हात लटलट कापत होते, सदरा घामानं भिजला होता.

"अड्डा खोला साहेब. मले झोपच नाई."

"काऊन भाऊ, ताडीवाचून जीव जाते का?" मी त्याच्याच बोलीत चिडवलं.

"ताडीसाठी नाई जी. माही बुढी, घरवाली माही, वारली. त्या झोपेत ते येते, चुलीपाशी बसते, बोलते. तुमी कुलूप लावलं तवापासून आली नाई."

मी काही बोलणार तोच तो खाली कोसळला. त्याला झटके येऊ लागले. कोठडीत ताडीवाला गज धरून ओरडला, "साहेब, त्याले दवाखान्यात न्या! एकदम बंद करता येत नाई ते! गोळ्यांची पावडर आहे, मीच टाकत होतो!"

ठाण्याच्या जीपमधूनच म्हाताऱ्याला नेलं. डॉक्टरांनी समजावलं, ते अल्प्राझोलम होतं, घाबरेपणाच्या विकारावर देतात ते औषध. मोजून दिलं तर आधार देतं. बेहिशेब पोटात गेलं तर शरीराला त्याची सवय लागते, आणि अचानक तोडलं तर जिवावर बेततं. म्हातारा वाचला. पुढं मात्रा हळूहळू कमी करत औषध सोडवलं. ताडीवाल्यानं नदीपलीकडचा पुरवठादारही सांगितला. दरडावून जे निघालं नाही, ते गिऱ्हाइकाच्या जिवासाठी आपसूक बाहेर पडलं. गुन्हेगार पुरता वाईट असतो हे तेव्हापासून मी मानत नाही.

साक्षीला म्हातारा कोर्टात आला तेव्हा हात स्थिर होते. विचारलं, "आता कसं भाऊ?"

"झोप येते साहेब. पण बुढी येत नाई."

मी त्याच्या पाठीवर थाप मारली, म्हणालो, "बरं झालं, सुटलात."

आता मी चंद्रपुरात असतो. आमची ही गेल्यापासून घर खायला उठतं. संध्याकाळ झाली की छाती धडधडते, उगाच दाराकडे लक्ष जातं. परवा डॉक्टरांनी थोड्या दिवसांसाठी तीच गोळी दिली, अर्धी. चिठ्ठी हातात घेऊन मी विचारलं, "या गोळीनं स्वप्नं पडतात का हो?"

त्यांना वाटलं मी घाबरतोय. हसून म्हणाले, "छे छे, काही पडणार नाहीत. निश्चिंत झोपा."