एकही फट नसलेलं खुराडं

गिरणीतून रिटायर झालेला फिटर शेजारी असावा, पण त्याला रिकामा वेळ नसावा, असं माझं स्पष्ट मत आहे. आमच्या नागपूरच्या सक्करदऱ्यातल्या रुपरावांना रिकामा वेळ फार होता. कुठे फट दिसली की ती बुजवल्याशिवाय त्यांना चैन पडत नसे. आमच्या कुंपणातलं भगदाड त्यांनी मला न विचारता पत्रा ठोकून बंद केलं आणि वर माझ्याकडूनच चहा घेतला.

त्र्याहत्तर सालच्या होळीनंतर त्यांच्या बायकोला, गोपिकाबाईंना, लकवा मारला. उजवं अंग गेलं, वाचा गेली. उरला डावा हात आणि घशातून निघणारा एक आवाज. घरातल्या कोंबड्या त्यांच्या. माहेरी त्या कोंबड्यांतच वाढलेल्या. कोणती खुडूक बसणार, कोणती अंडं लपवून घालते, हे त्यांना लांबूनच कळायचं. रुपरावांना त्यातलं ओ की ठो कळत नव्हतं. पण खाट ओसरीवर टाकली की अंगणातल्या कोंबड्या पाहून गोपिकाबाईंच्या चेहऱ्यावर जरा जीव यायचा. डॉक्टरच्या औषधानं तेवढंही होत नव्हतं. म्हणून रुपरावांनी ठरवलं, या कोंबड्यांना काही होऊ द्यायचं नाही.

एप्रिलात मुंगसानं एक कोंबडी उचलली. गोपिकाबाई दिवसभर जेवल्या नाहीत. रुपरावांनी लगेच संत्र्याच्या पेट्या ठोकून घरीच केलेलं कोंबड्यांचं खुराडं आतून दुरुस्त करायला घेतलं. आत डोकं घालून, तळहात फिरवून, पायात रुतेल असा खिळा न् खिळा वाकवला. लाकडाची कुसळं घासून काढली, खाली पत्रा टाकला आणि फळ्यांमधल्या सगळ्या फटी शेणमातीनं लिंपल्या. दाराला जाळी होती, तीही त्यांना पटेना. तिथे फळीची झडप बसवली.

मी म्हटलं, "रुपराव, हे खुराडं आहे की बँकेची तिजोरी?"

"आता येऊन दाखवू दे त्या मुंगसाले," ते म्हणाले.

मग नवतपा लागला, मे अखेरचे ते नऊ आगीचे दिवस. त्या दिवसांत आपण नागपूरकर काय करतो? सकाळीच दारं-खिडक्या लावून घेतो, वाळ्याच्या ताट्या भिजवतो आणि अंधारात पडून राहतो. रुपरावांनी घराचं तेच केलं आणि खुराड्याचंही तेच केलं. कोंबड्या आत कोंडल्या, झडप लावली, चारही बाजूंनी वाळ्याच्या ताट्या बांधल्या आणि बादल्यांनी पाणी मारलं. वाळ्याचा वास माझ्या अंगणापर्यंत आला. मी बघायला त्यांच्या अंगणात गेलो; मलाही ते काम झकास वाटलं.

गोपिकाबाई ओसरीवरून बघत होत्या. त्यांनी घशातून आवाज काढायला सुरुवात केली. डावा हात उचलून अंगणाकडे हलवू लागल्या.

"गरम होऊन राहिलं का वं?" रुपराव पंखा घेऊन धावले. हात थांबेना. "पाणी पाहिजे?" त्यांनी पाणी पाजलं, ते सगळं गालावरून ओघळलं. हात तसाच हलत होता. "उन्हात काहून पडायचं? आत नेतो तुले." मी खाटेचा पायथा धरला, त्यांनी उशाकडची बाजू. आत नेताना आवाज वाढला. रुपराव गोपिकाबाईंचं कपाळ ओल्या फडक्यानं पुसत राहिले. त्या माणसाची माया मी पाहिली आहे. तिच्यात काही खोट नव्हती.

उन्हं उतरल्यावर त्यांनी झडप उघडली. भाताच्या पातेल्यावरचं झाकण काढावं तशी वाफ बाहेर आली. आत ओलावा कोंडला होता, त्याला बाहेर जायला कुठे जागाच नव्हती. सगळ्या कोंबड्या चोची वासून, पंख पसरून मरून पडल्या होत्या. बऱ्याचशा झडपेशीच, एकीवर एक.

रुपराव अंगणातच बसले आणि मोठ्यानं रडले. मग आत जाऊन खाटेशी टेकले.

"हेच सांगून राहिली होती ना तू? उघडा म्हणत होती."

गोपिकाबाईंनी डोळे मिटून घेतले.

त्यानंतर रुपराव कुठे गेले नाहीत. दिवसभर खाटेजवळ बसून विचारायचे, "खिडकी उघडू का वं? दार उघडू?" आणि त्या डाव्या हाताकडे बघत राहायचे. डॉक्टरनं तपासून सांगितलं होतं, हातात ताकद चांगली आहे. पण गोपिकाबाईंनी तो पुन्हा कधी उचलला नाही.