निशाण वरच राहिलं

जगात कुठेही दांडगाई झाली की तिचा पहिला त्रास पिंपरी पेंढारला आमच्या थोरल्या साडूंना होई. बायकोच्या मोठ्या बहिणीचं घर म्हणून हौसेने जेवायला जावं, तर पिठल्याआधी परराष्ट्र धोरण वाढलं जाई. आळेफाट्याहून एसटीने येणारा पेपर ते परदेशाच्या पानापासून वाचायला घेत आणि बऱ्याचदा तिथेच थांबत. न्यूयॉर्कात भरणाऱ्या जगाच्या पंचायतीविषयी तर ते लेक दिलेल्या घरासारखी काळजी करत. तिथे पाच बड्या देशांना एकट्याच्या बळावर ठराव मोडता येतो, हे कळलं त्या दिवशी त्यांचा घास हातातच राहिला. “पाच जणांना? अवो पावणं, आमच्या भावकीत एकटा थोरला चुलता न्हाई म्हणायचा, तर सामाईक विहिरीचा गाळ निघाना!”

पंचायतीला न जुमानता अमेरिका इराकमध्ये घुसली, तेव्हा तर साडूंना आवरणं मुश्कील झालं. एका लग्नात त्यांनी कोल्ड्रिंकची बाटली बाणेदारपणे परत केली. वाढपी म्हणाला, “आप्पा, ह्ये हितंच कारखान्यात भरत्यात.” साडू म्हणाले, “मंग कारखान्यालाबी सांग, म्या घेतली न्हाई म्हणून.” पुढे ग्रामसभेत त्यांनी युद्धाच्या निषेधाचा ठराव मांडला. सरपंचांनी विचारलं, “पाठवायचा कुनाकडं?” “जगाच्या पंचायतीकडं.” “आन् त्यांचंच कोन ऐकत न्हाई त्ये?” “म्हणूनच पाठवायचा. तेवढाच त्यांना आधार!” सभा खो खो हसली, पण हात सगळ्यांनी वर केले.

त्याच वर्षीच्या यात्रेत दांडगाई घरी चालून आली. आमच्याकडे बैलगाड्यांची शर्यत घाटात, म्हणजे चढाच्या धावपट्टीवर होते. गाडा नीट वर पोचला की पंच हातातलं निशाण खाली टाकतो. गाडा पट्टीबाहेर गेला, तर निशाण वरच राहतं आणि ती बारी, म्हणजे त्या गाड्याची धाव, बाद. वडलांमागून हे निशाण साडूंकडे आलं होतं, आणि त्यांना दुसरा कसलाही मानपान ठाऊक नव्हता. त्या दिवशी गावातल्या सगळ्यात बड्या बागायतदाराचा गाडा सगळ्यांदेखत पट्टीबाहेर गेला. मांडव त्याचा, भोंगा त्याचा, बक्षिसाची ढालसुद्धा त्याचीच. साडूंनी निशाण टाकलं नाही. यात्रा कमिटी मांडवामागे जाऊन आली आणि म्हणाली, “आप्पा, टाका आता. यात्रा त्यांच्यावर चाललीय.”

“यात्रा चालू द्या की. बारी बाद हाय.”

शेवटी कमिटीने त्यांच्या हातातून निशाण काढून घेतलं, दुसऱ्याने ते टाकलं आणि भोंग्यावर निकाल पुकारला. साडू रिकाम्या हाताने उभे होते. मला फार वाईट वाटलं आणि रागही आला. “घरी चला,” म्हटलं, तर मलाच झापलं. “म्या कशाला जाऊ? पट्टीबाह्येर त्यो गेलाय.”

निशाण त्यांना पुन्हा मिळालं नाही. पण पुढच्या यात्रेपासून ते घाटाच्या माथ्यावर, बाभळीखाली खांद्यावरचा टॉवेल उंच धरून उभे राहू लागले. बारी चोख असेल तर टॉवेल खाली, नसेल तर वर. आधी पोरं हसली. मग गाडेमालक बारी झाल्यावर चोरून बाभळीकडे बघू लागले. निकाल भोंग्यावरच लागायचा, तो टॉवेलने कधी बदलला नाही. मी एकदा छेडलंच, “साडूभाऊ, उपयोग काय याचा?” ते म्हणाले, “ढाल त्यानं न्हेली, पावणं. बारी त्याला म्या दिली न्हाई.”

साडू गेले, त्यानंतरच्या यात्रेला मी मुद्दाम गेलो. त्याच बागायतदाराचा गाडा सुसाट वर आला, चोख, पट्टीच्या मधोमध. निशाण पडलं, भोंगा ओरडला, गुलाल उधळला. बागायतदार मात्र फेटा सावरत बाभळीकडे बघत राहिला. तिथे कोणीच नव्हतं. माझ्या खांद्यावर टॉवेल होता. तो मी उंच धरला आणि साडूंच्या वतीने खाली आणला.