दवबिंदू अठरा

परभणीजवळच्या सरकारी शेतावर मी भांडार सांभाळत होते आणि तो हवामानाच्या नोंदी घ्यायचा. कडक इस्त्रीचा शर्ट, बोलणं मोजकं, आणि प्रत्येक आकडा दोनदा उच्चारायची सवय. नामांतराचे दिवस होते. तो दलित, म्हणून ऑफिसातल्या माठाला त्यानं हात लावायचा नाही, शिपायानं वरून पाणी ओतायचं, असा हेडक्लार्कचा दंडक होता.

अंगणातल्या पांढऱ्या पेटीत त्याचे दोन तापमापक असत. एक कोरडा, दुसऱ्याच्या टोकाला ओली चिंधी. दोघांतल्या फरकावरून हवेतली आर्द्रता निघे; आर्द्रता आणि तापमानावरून दवबिंदू, म्हणजे हवा किती गार झाली की दव धरेल तो आकडा. विहिरीच्या पाण्यानं चिंधीवर क्षार चढत, म्हणून माठातलं नळाचं पाणीच लागे.

एका सकाळी शिपाई आला नाही.

"आज कालचंच लिव की," हेडक्लार्क म्हणाले.

"कालची हवा काल गेली, साहेब."

त्यानं झाकण काढून पेला थेट माठात बुडवला. बाहेर जाऊन त्यानं चिंधी भिजवली, जरा थांबला आणि आम्हा सगळ्यांना ऐकू येईल असं वाचलं, "हवा चोवीस, चोवीस. ओला वीस, वीस." मग कोष्टक बघून, "दवबिंदू अठरा, अठरा."

"माठ बाटवलास की रे!" हेडक्लार्क ओरडले.

उरलेलं पाणी तो पायरीवर उभा राहून सावकाश प्याला.

"मग धुऊन भरून ठिवा. उद्या बी लागंल मला."